शनिवारची टोपली आणि बांधावरची तपासणी

दर शनिवारी सकाळी साडेसात ते नऊ या वेळात सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये भोर तालुक्यातील एका शेतकरी गटाची भाजी उतरते. गेली तीन वर्षे मी या गटाचा वर्गणीदार आहे. गटाचे नाव येथे देत नाही, कारण ११ शेतकऱ्यांच्या या गटाकडे जेमतेम ६० कुटुंबांना पुरेल एवढाच माल असतो, प्रतीक्षायादी आधीच लांबली आहे आणि नाव छापून आले तर फोन घेण्यातच शनिवार संपेल, अशी गटप्रमुख ताईंची तक्रारवजा विनंती आहे. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले. अशा पद्धतीने भाजी पुरवणारे छोटे गट आता अनेक शहरांच्या आसपास उभे राहिले आहेत आणि त्यांच्याविषयी चौकशी करणारे लोक बहुतेक वेळा चव आणि भाव एवढेच विचारतात. मी ३१ वर्षे एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचे काम केले. त्यामुळे ‘सेंद्रिय’ हा शब्द तपासतो कोण, आणि तपासतो म्हणजे नेमके काय करतो, याकडेच माझे लक्ष पहिल्या दिवसापासून होते.

आधी टोपलीविषयी. महिन्याची वर्गणी १,८०० रुपये असून ती आगाऊ भरावी लागते. तिच्या मोबदल्यात चार टोपल्या मिळतात. एका टोपलीत साधारण पाच किलो माल असतो: दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, एखादा कंद किंवा शेंगा, आणि कोथिंबीर, मिरची, आले यांपैकी जे निघाले असेल ते. टोपलीत काय यावे हे आपण ठरवत नाही, आणि नव्या वर्गणीदारांपैकी निम्मे लोक याच कारणाने दोन महिन्यांत गळतात. आषाढात भोरच्या डोंगराकडेला पाऊस लागला की टोमॅटो, फ्लॉवर विसरावे लागतात. मांडवावरची काकडी, दोडका, पडवळ, कारली, आणि सोबत टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्यांच्या जुड्या, एवढ्यावर सहा आठवडे काढावे लागतात. दिवाळीनंतर मात्र पावटा, वाल, घेवडा, चाकवत, करडई, मुळा अशी भरगच्च टोपली येते. चाकवताची ताकातली भाजी घरात पुन्हा सुरू झाली ती या टोपलीमुळे. उन्हाळ्यात विहिरी आटतात तेव्हा गवार, वांगी आणि लाल भोपळा आलटून पालटून येत राहतात. आमच्या घरी मे महिन्यात भोपळ्याच्या घारग्यांचा अतिरेक झाला होता, हे नमूद करणे भाग आहे.

चवीबद्दल फार लिहीत नाही. ताजेपणाचा फरक निश्चित आहे, कारण शुक्रवारी दुपारी काढलेली भाजी शनिवारी सकाळी हातात पडते. त्यातला किती भाग सेंद्रियतेचा आणि किती ताजेपणाचा, हे जिभेवर ठरवता येत नाही आणि तसे ठरवल्याचा दावा करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

भावाची मांडणी मला आवडली. टोपलीत दर वेळी एक चिठ्ठी असते. तिच्यावर प्रत्येक भाजीपुढे ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा क्रमांक असतो आणि खाली ४५० रुपयांचा हिशेब असतो: शेतकऱ्यांना ३२५, टेम्पोला ६५, निवडणे आणि बांधणे यांसाठी ४०, गटाच्या निधीत २०. मंडईच्या तुलनेत ही भाजी हिवाळ्यात बरीच महाग पडते. पावसाळ्यात, जेव्हा मंडईतले भाव कडाडतात, तेव्हा जवळपास बरोबरीत येते. वर्षभर दर एकच राहतो, म्हणून शेतकऱ्याला पेरणीच्या वेळीच कळते की हा माल अमुक भावाने जाणार आहे. महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेर काढला गेला, तेव्हापासून अशा थेट विक्रीतली कायदेशीर कटकट बरीच कमी झाली. गटाची पहिली टोपलीही त्यानंतरचीच आहे.

आता तपासणीकडे येतो. आपल्याकडे सेंद्रिय मालाला प्रमाणपत्र मिळण्याचे दोन सरकारी मार्ग आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. तो वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘अपेडा’ या शेतमाल निर्यातीच्या प्राधिकरणामार्फत चालतो, त्यात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक येऊन तपासणी करतो, त्याचे शुल्क भरावे लागते आणि ते प्रमाणपत्र निर्यातीसाठीही चालते. दुसरा मार्ग सहभागी हमी पद्धतीचा, म्हणजे ‘पीजीएस-इंडिया’चा. तो कृषी मंत्रालयाने २०११ मध्ये सुरू केला आणि त्याचे काम गाझियाबादच्या सेंद्रिय व नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय केंद्राकडून पाहिले जाते. यात बाहेरचा निरीक्षक नसतो. एका गावातले किंवा लगतच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात, रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरण्याची प्रतिज्ञा घेतात आणि एकमेकांच्या शेतांची पाहणी करून कोण पात्र, कोण अपात्र हे गट म्हणून ठरवतात. प्रादेशिक परिषद त्या निर्णयाची छाननी करते आणि प्रमाणपत्र देते. रूपांतराच्या, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असे दोन टप्पे आहेत. हे प्रमाणपत्र देशांतर्गत बाजारापुरतेच असते. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला निरीक्षकाचे शुल्क परवडत नाही, आणि ज्याची भाजी तीस-चाळीस किलोमीटरवर खपते त्याला निर्यातीच्या कागदाचा उपयोगही नाही. त्याच्यासाठी ही सोय आहे.

बँकेत असतो तर अशा व्यवस्थेवर मी पहिल्याच पानावर लाल शेरा मारला असता. कर्ज घेणाऱ्यांनीच एकमेकांच्या तारणाची तपासणी करायची, हे कुठल्या नियमात बसते? हीच शंका मी पहिल्या वर्षी गटप्रमुख ताईंना विचारली. त्या म्हणाल्या, “काका, पाहणीला या. ग्राहकाला येऊ द्यायचं असं आमच्या ठरावातच आहे.” त्याप्रमाणे श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दोन वर्गणीदार आणि गटातले पाच शेतकरी असे सात जण सहाव्या एका शेतकऱ्याच्या शेतावर गेलो.

ती पाहणी मी मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण या सेवेचे मोल तिथे कळते. भोरच्या पश्चिम भागात उताराची भातखाचरे आहेत आणि पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्या खाचरात उतरत जाते. ज्याचे शेत पाहायचे होते त्याच्या वरचे खाचर गटात नसलेल्या चुलतभावाचे. चुलतभाऊ युरिया टाकतो, म्हणजे त्याचे पाणी या शेतात येणार. छापील नमुन्यात याविषयी एकच रकाना होता, पण चर्चा तासभर चालली. शेवटी असे ठरले की वरच्या बांधालगत आडवा चर काढून वरचे पाणी बाजूच्या ओढ्याला वळवायचे आणि लगतच्या पहिल्या खाचरातले भात वेगळे झोडपून साधे भात म्हणून विकायचे. ते टोपलीसोबतच्या तांदळात येऊ द्यायचे नाही. चर कुणी खणायचा, किती खोल, आणि चुलतभावाला वाईट न वाटता हे कसे सांगायचे, हेही तिथेच ठरले. बाहेरून आलेल्या निरीक्षकाला उतार दिसला असता. भावकी दिसली असती की नाही, शंका आहे.

त्यानंतर सगळे भाजीच्या वाफ्यांकडे निघाले, पण पाच जणांतल्या एक आजी मागे रेंगाळल्या. त्या बांधावर उकिडव्या बसून गवत पाहत होत्या. हाताच्या पंज्याएवढ्या पट्ट्यात गवत मुळापर्यंत तपकिरी पडले होते आणि त्या पट्ट्याची कड सरळ रेषेत होती. आजी म्हणाल्या, “श्रावणात बांधावरचं गवत वाळतं व्हय? आणि वाळलं तरी असं सुतात वाळत नाही.” तणनाशक फवारल्यावर गवत असे होते हे मला माहीत नव्हते, सोबतच्या दुसऱ्या वर्गणीदाराला, जो वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यालाही ते आधी दिसले नव्हते. शेतकऱ्याला विचारले तेव्हा तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला की मजुराला बांध साफ करायला सांगितले होते आणि त्याने शेजारून पंप आणून मारले. ते खरे की खोटे, हे कुणी ताणले नाही. त्या बांधालगतचे दोन वाफे त्या हंगामापुरते टोपलीतून वगळले आणि तशी नोंद वहीत झाली. मी ती वही नंतर पाहिली. तारीख, वाफे, कारण, उपस्थितांच्या सह्या, आजींचा अंगठा, सगळे जागेवर होते. माझ्या नोकरीच्या काळात मी यापेक्षा कितीतरी गबाळ्या नोंदी पाहिल्या आहेत.

शेतावर आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली, ती जीवामृताच्या, म्हणजे पिकाला घालायच्या आंबवलेल्या द्रावणाच्या पिंपाची. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, तेवढेच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हा एकरी हिशेब गटातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी हा प्रकार गावोगावी पोहोचवला. त्यांच्या सगळ्याच प्रतिपादनांशी गटातले लोक सहमत नाहीत. शेणखत लागतेच, असे त्यांच्यातल्या तिघांचे ठाम मत आहे आणि पिंपाशेजारी उभे राहून त्यावर भांडणही झाले. हे भांडण मला आश्वासक वाटले. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’ याच वाटेने गेला होता. आपापल्या शेतात करून पाहायचे, मोजायचे आणि एकमेकांना कळवायचे, ही त्यांची शिकवण ज्या गटात उतरली आहे तिथे एकाच गुरूचे पाठांतर चालत नाही.

आता तक्रारींकडे वळतो. पहिली घटना दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातली. टोपलीत भेंडी आली ती सगळी एका मापाची, गुळगुळीत, गडद हिरवी, देठ एकसारखे कापलेली. गटाची भेंडी नवधारी असते, फिकट, लव टोचणारी, आणि दोन भेंड्या कधी एका लांबीच्या नसतात. चिठ्ठीवर ज्याचा क्रमांक होता त्या शेतकऱ्याची विहीर एप्रिलमध्येच आटली होती, हे मला आधीच्या एका चिठ्ठीवरूनच ठाऊक होते. मी फोन केला. ताई म्हणाल्या, “बघते आणि सांगते,” आणि बुधवारपर्यंत काही कळले नाही, याचा मला राग आला होता. पण शनिवारी सगळ्या ६० टोपल्यांमध्ये छापील निवेदन होते: एका सदस्याने टोपली भरून काढण्यासाठी बाजारातून १५ किलो भेंडी घेतली, गटाच्या बैठकीत त्याने ते मान्य केले, त्याला खरीप हंगामभर गटातून स्थगित केले आहे आणि प्रत्येक वर्गणीदाराचे ४० रुपये पुढच्या महिन्यात वळते होतील. पैसे वळते झाले. तो शेतकरी पुढच्या रब्बीत परत आला आणि आता उन्हाळ्यात त्याच्या क्रमांकापुढे नुसती रेघ असते. भेंडी नसेल तर नसते.

हे प्रकरण चांगले निस्तरले म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही. ती भेंडी वर्गणीदाराला दिसली, गटाला दिसली नाही; निवडायला आणि बांधायला बसणाऱ्या तिघींना ती दिसली असणारच, पण त्या त्या शेतकऱ्याच्या नात्यातल्या होत्या. परस्पर तपासणीत ओळख हीच ताकद आणि ओळख हीच अडचण, हे तिथे उघडे पडले. त्यानंतर गटाने पाहणीच्या आणि बांधणीच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवायला सुरुवात केली आणि भावकीतल्या माणसाने भावकीतल्या माणसाचा माल पाहायचा नाही असा नियम केला. ११ जणांच्या गटात, जिथे सात जण एकाच आडनावाचे आहेत, तिथे हा नियम पाळणे म्हणजे कसरत आहे, आणि दोनदा तो मोडलेला मी पाहिला आहे.

दुसरी तक्रार कागदांची. यंदा गटाचे प्रमाणपत्र मुदत संपल्यानंतर दोन महिन्यांनी नूतनीकरण होऊन आले. मधल्या काळात टोपलीवर चिन्ह छापता येत नव्हते आणि चार वर्गणीदार तेवढ्यावरून सोडून गेले. चूक कोणाची, हे मी शोधत बसलो नाही. गटाची माहिती वेळेत भरली गेली नव्हती हे ताई स्वतःच सांगतात. ती माहिती भरायची ती ऑनलाइन, बरीचशी इंग्रजीत, मोबाइलवर, आणि गटातल्या ज्या एका मुलाला ते जमते त्याची बारावीची परीक्षा होती. गटाच्या निधीत टोपलीमागे येणारे २० रुपये या कामाला पुरत नाहीत. फोन घेणे, चिठ्ठ्या छापणे, हिशेब लिहिणे, रुसलेल्या वर्गणीदाराची समजूत काढणे हे सगळे ताई करतात आणि हिशेबाच्या चिठ्ठीत त्यांच्या श्रमाचा रकानाच नाही. ‘निवडणे आणि बांधणे’ यांचे ४० रुपये तिघींत वाटले जातात. व्यवस्थापन फुकट होते. माझ्या मते हा या सेवेतला सर्वांत गंभीर दोष आहे. मी तो बैठकीत मांडला आणि वर्गणी शंभर रुपयांनी वाढवावी असे सुचवले. वर्गणीदारांनी माना डोलावल्या, शेतकऱ्यांनी “बघू” म्हटले, आणि ताईंनी विषय बदलला.

सरकारी मदतीबद्दलही थोडे सांगायला हवे. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे. २० हेक्टरांचा गट, तीन वर्षे साहाय्य आणि त्यासोबत सहभागी हमीचे प्रमाणीकरण, अशी तिची मूळ रचना. या ११ जणांपैकी पाच जण पूर्वी अशाच एका मोठ्या गटात होते. निविष्ठांचे, म्हणजे शेतीला लागणाऱ्या सामग्रीचे वाटप झाले, फलक लागले, तिसरे वर्ष संपले आणि गट विरला, कारण माल नेऊन विकायचा कुठे याचे उत्तर तयार नव्हते. तेव्हा शिकलेले लेखन, म्हणजे पीक-नोंदवही, शेताचा नकाशा, शेजाऱ्याच्या पिकाची नोंद, या पाच जणांच्या हातात राहिले आणि आताच्या गटाचा तो पाया ठरला. त्यामुळे ती योजना वाया गेली असे ते म्हणत नाहीत. ग्राहक आधी मिळवायला हवे होते, असे म्हणतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार करून ‘तेइकेई’ची पद्धत उभी केली तेव्हा सुरुवात ग्राहकांच्याच बाजूने झाली होती, हे मी एका बैठकीत सांगितले. आजींनी विचारले, “त्या बायका बांधावर यायच्या का?” यायच्या, निंदणीलाही यायच्या, असे सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

प्रयोगशाळेतील तपासणीविषयी नेहमी विचारले जाते. एका नमुन्यातील कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी करून घ्यायची तर काही हजार रुपये लागतात. दर आठवड्याला ते शक्य नाही. आम्ही वर्गणीदार वर्षातून एकदा वर्गणी काढून एक नमुना तपासतो. कोणत्या शनिवारी, कोणती भाजी, हे चिठ्ठी टाकून ठरते आणि गटाला आधी सांगितले जात नाही. आतापर्यंतचे तिन्ही अहवाल स्वच्छ आले. तीन नमुन्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे मला माझ्या व्यवसायाने शिकवले आहे. पण चिठ्ठी निघणार आहे हे सगळ्यांना माहीत असणे, याचाही काही परिणाम होत असावा.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांना आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवून मग भाजी आणायची सवय आहे त्यांनी घेऊ नये. दारात पोहोच हवी असणाऱ्यांनीही घेऊ नये. टेम्पो नऊला निघतो आणि उशीर करणाऱ्याची टोपली वॉचमनला मिळते, हे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे. पालेभाजी निवडायला घरात वेळ नसेल तर तेही अवघड, कारण पावसाळ्यात माठाच्या जुडीत माती आणि अळ्या दोन्ही असतात. आणि नुसत्या चिन्हावर समाधान मानणाऱ्याला दुकानातले पाकीटबंद धान्य पुरेसे आहे. त्याच्यावर ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह असते आणि त्याच्यामागेही तपासणी असतेच. वर्षातून एक रविवार काढून बांधावर चालायची तयारी असेल त्यांच्यासाठी मात्र ही टोपली पैसे वसूल आहे. तिथे गेल्यावर आपण काय खातो हे कळते, आणि आपण मोजत असलेल्या ४५० रुपयांतले ३२५ कुणाच्या हातात पडतात तेही समोर दिसते.

पुढील वर्षाची वर्गणी मी भरली आहे. यंदाच्या पाळ्यांच्या चिठ्ठ्या गेल्या आठवड्यात निघाल्या, त्यात माझ्या वाट्याला वरच्या आळीची तीन शेते आली आहेत. सोबत आजी आहेत. त्यांनी निरोप पाठवला आहे की येताना चपला आणू नका, गमबूट आणा, आणि गवत वाळलेलं आहे की करपलेलं आहे हे या वेळी तुम्ही ओळखून सांगायचं.